श्रीमती रमाबाई रानडे : दयेला शिक्षणाची जोड

कापसाची वेचणी ऐन भरात आली म्हणजे बाभुळगावाच्या आसपासच्या खेड्यांत दिवसा घरी सहसा कोणी राहत नाही. अशा दिवसांत घरातील एखादे माणूस तापाने पडले तर मोठी पंचाईत होते. कामावर न जावे तर मजुरी बुडते, आणि जावे तर रोगी एकटा पडतो. शेवटी एखादी म्हातारी किंवा दहा-बारा वर्षांची मुलगी उशाशी बसविली जाते. तिच्या मनात माया असते, तीत तिळमात्र उणे नसते. परंतु ताप किती चढला म्हणजे भ्यावे, पाणी किती पाजावे, कूस केव्हा पालटावी, आणि रोग्यास यवतमाळास केव्हा हलवावे, हे तिला कोणी शिकविलेले नसते. बरे, यवतमाळास नेले, तर जिला हे सर्व ठाऊक आहे ती परिचारिका खाटांच्या रांगांमधून धावत असते. तिला घटकाभर बसण्यास सवड नसते. मग नातलगांस वाटते की, हिला आमच्या माणसाची माया नाही. एके ठिकाणी माया आहे पण विद्या नाही. दुसरे ठिकाणी विद्या आहे, पण माया दाखविण्यास अवकाश नाही.

ह्या दोहोंची गाठ कशी घालावी, हा प्रश्न आजचा नव्हे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रातील एका विधवा बाईने तो आपल्यापुढे घेतला, आणि आपले उरलेले आयुष्य त्याच्या उत्तरात वेचले. त्या म्हणजे श्रीमती रमाबाई रानडे होत. केडगावच्या मुक्ती सदनाच्या पंडिता रमाबाई त्या ह्या नव्हेत, हे प्रथमच सांगितले पाहिजे. कारण नाव एक असल्याने आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा घोटाळा होतो. दोघी एकमेकींस ओळखत होत्या, व दोघींनी स्त्रियांच्या दुःखासाठी श्रम केले. परंतु त्यांचे मार्ग वेगळे होते. रमाबाई रानडे ख्रिस्ती नव्हत्या. तथापि शुश्रूषेच्या कामास हलके मानणाऱ्या समाजात त्या कामास मान मिळावा म्हणून त्यांनी जे सोसले, ते आपण जाणून घेणे अगत्याचे आहे.

रमाबाईंचा जन्म इ. स. १८६२ मध्ये कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचे त्यांचे नाव यमुना. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलीस अक्षर शिकविणे हे अशुभ समजले जाई, म्हणून माहेरी त्या लिहिण्या-वाचण्यावाचूनच वाढल्या. इ. स. १८७३ त, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे ह्यांच्याशी झाला. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे असून पुण्यास न्यायाधीश होते. त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. विधवांचा पुनर्विवाह व्हावा, असे ते जाहीरपणे म्हणत. म्हणून हे आता एखाद्या विधवेशीच लग्न करतील, अशी लोकांची अपेक्षा होती, आणि वडिलांस नेमकी त्याचीच धास्ती होती. वडिलांनी घाईने ही लहान मुलगी पाहिली, आणि वडिलांचा शब्द रानड्यांना मोडवेना. पुढे ह्या गोष्टीवरून त्यांना पुष्कळ बोल लागला. परंतु ज्या मुलीशी आपले लग्न झाले तिला अज्ञानात ठेवावयाचे नाही, असा निश्चय करून त्यांनी लगेच तिला मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. आधी मराठी, नंतर इंग्रजी, असा अभ्यास पुष्कळ वर्षे चालला.

हे शिक्षण सुखाचे झाले नाही. घरात वडील बायका पुष्कळ होत्या, आणि सुनेने पुस्तक हाती धरावे हे त्यांतील कित्येकींस मुळीच खपत नसे. कोणी टोमणे मारीत, कोणी बोलणे टाकीत. पुण्यास असता इंग्रजी शिकविण्यासाठी एक गोऱ्या बाई घरी येऊ लागल्या. त्यांच्याजवळ बसून उठल्यावर विटाळ झाला असे समजून रमाबाईंनी स्नान करावे, असा वडील बायकांचा आग्रह असे, आणि त्यांना तो पाळावा लागे. वाचकहो, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. जी बाई पुढे उच्च वर्णाच्या स्त्रियांना परक्या रोग्यांच्या अंगास हात लावावयास सांगणार होती, तिलाच तारुण्यात एका शिक्षिकेजवळ बसल्याबद्दल अंघोळ करावी लागत होती. माणसाच्या स्पर्शाने माणूस विटाळतो ही समजूत किती खोल गेलेली असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

इ. स. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. रमाबाई रानडे त्या सभांस जाऊ लागल्या. त्यामुळे घरातील छळ अधिकच वाढला. परंतु त्यांनी जाणे सोडले नाही, आणि वडीलधाऱ्यांस उलट उत्तरही केले नाही. इ. स. १८८४ मध्ये पुण्यात मुलींकरिता हायस्कूल निघावे अशी खटपट झाली, तीत त्यांनी भाग घेतला. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांच्यासमोर भरसभेत ही मागणी त्यांनी इंग्रजीतून वाचून दाखविली. त्याच वर्षी हुजूरपागेची शाळा सुरू झाली. अकराव्या वर्षापर्यंत ज्या मुलीस एक अक्षर येत नव्हते, तिने बाविसाव्या वर्षी इतर मुलींसाठी शाळेचे दार ठोठावले.

इ. स. १८९३ मध्ये रानडे मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि कुटुंब मुंबईस गेले. तेथे रमाबाईंनी हिंदू स्त्रियांसाठी एक मंडळ काढून भाषा, सामान्य ज्ञान, शिवणकाम व हातकाम ह्यांचे वर्ग चालविले. इतक्यात इ. स. १८९६ मध्ये मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. ह्या साथीने शहराची दाणादाण उडाली. रोगापेक्षाही लोकांस इस्पितळाचे भय अधिक वाटे. तेथे नेलेला मनुष्य परत येत नाही, तेथे जात बुडते, तेथे आपले कोणी नाही, असे जो तो म्हणे. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्लाही केला. पुढच्या वर्षी साथ पुण्यास पोहोचली. तेथे सावित्रीबाई फुले ह्यांनी आपले डॉक्टर पुत्र यशवंत ह्यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा केली, आणि तो रोग लागून १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला.

लोक इस्पितळास इतके का भीत असत, ह्याचा विचार केला पाहिजे. तेथे औषध नव्हते असे नाही, आणि डॉक्टर नव्हते असेही नाही. परंतु आपल्या भाषेत बोलणारी, आपली रीत जाणणारी, रात्री हाक मारली असता ओ देणारी बाई तेथे फार क्वचित भेटे. स्त्रियांची अडचण तर दुहेरी होती. परपुरुषास नाडी दाखविण्याची लाज वाटून कित्येक जणी घरीच प्राण सोडीत. रोग्याला औषध जितके लागते तितकाच विश्वास लागतो. आणि विश्वास हा ओळखीच्या हाताने व ओळखीच्या बोलीने येतो.

इ. स. १९०० मध्ये रानड्यांचा हृदयविकार बळावला. रमाबाई त्यांची शुश्रूषा करीत होत्या. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. रमाबाईंचे वय तेव्हा चाळिशीच्याही आत होते, आणि पोटी मूल नव्हते. मुंबईचे घर आटोपून त्या पुण्यास फुले मंडईजवळच्या जुन्या वाड्यात परत आल्या, व सुमारे वर्षभर कोठेही न जाता एकांतात राहिल्या. विधवा म्हणजे अपशकुन, तिने कोपऱ्यात बसावे, हाच तेव्हाचा नियम होता. रमाबाई नामांकित न्यायाधीशांच्या पत्नी होत्या, त्यांना खाण्या-पिण्याची ददात नव्हती. तरी मंगल कार्यात जिचे तोंड कोणी पाहू इच्छीत नाही अशा बाईच्या मनाचे दुःख आता त्यांचे स्वतःचे झाले होते. आणि ज्यांना अन्नही नाही, ज्यांचे केशवपन झालेले, ज्या भावाच्या किंवा दिराच्या घरी मोलकरणीप्रमाणे राबत आहेत, अशा शेकडो तरुण विधवा त्याच पुण्याच्या वाड्यावाड्यांत होत्या.

ह्या एकांतातून त्या बाहेर पडल्या त्या दुसऱ्यांच्या दुःखाकडे. त्या येरवड्याच्या तुरुंगात नेमाने जाऊ लागल्या, आणि तेथील स्त्री-कैद्यांशी बोलून त्यांच्यात स्वाभिमान जागृत करू लागल्या. अल्पवयीन गुन्हेगारांच्या शाळेतील मुलांस सणावारी मिठाई नेत. इस्पितळात जाऊन रोग्यांस फळे, फुले व पुस्तके देत. इ. स. १९०४ मध्ये मुंबईत स्त्रियांची परिषद भरली, तिचे अध्यक्षस्थान त्यांनी स्वीकारले. ही सर्व कामे चांगली होती, आणि दुसरी कोणी बाई असती तर एवढ्यावरच समाधान मानून राहिली असती. परंतु रोग्याच्या भेटीस गेलेला मनुष्य घटकाभराने परत येतो. फळ खाऊन संपते, फूल सुकते. मध्यरात्री ताप चढतो तेव्हा खाटेजवळ कोण असते? दयेने नेलेले फूल आणि दयेने केलेली सेवा ह्यांत हे अंतर आहे, आणि हे अंतर केवळ अधिक दया वाटल्याने भरून निघत नाही.

इ. स. १९०८ मध्ये मुंबईचे श्री. बेहरामजी मलबारी व श्री. दयाराम गिदुमल हे दोन गृहस्थ रमाबाईंकडे आले. मलबारी पारशी, गिदुमल सिंधी. स्त्रियांसाठी एक आश्रयस्थान काढावे, आणि ह्या देशाच्या स्त्रियांस परिचारिकेचे शिक्षण द्यावे, असा त्यांचा मनोदय होता. त्यांनी रमाबाईंस पुढारीपण घेण्याची विनंती केली. अशा रीतीने मुंबईस सेवासदन निघाले, व त्याच्या अध्यक्षा रमाबाई झाल्या. पुढील वर्षी, इ. स. १९०९ मध्ये, पुण्यातही सेवासदनाचे काम सुरू झाले. भारत सेवक समाजाचे श्री. गोपाळ कृष्ण देवधर हे ह्या कामी त्यांचा उजवा हात होते. प्रथम लिहिणे, वाचणे व शिवण ह्यांचे वर्ग निघाले. आणि मग शुश्रूषेचा विभाग निघाला. तेव्हा पुण्यात मोठाच गहजब झाला.

हा गहजब कशासाठी झाला, हे आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज फारशी पडू नये. आपल्या खेड्यांत सुईणीचे काम कोण करीत असे, हे आठवून पाहा. पाटलाच्या वाड्यात बाळंतीण अडली म्हणजे मध्यरात्री हाक जाई ती गावकुसाबाहेर. तीच बाई येऊन नाळ कापी, न्हाऊ-माखू घाली, रक्ताने भरलेली वस्त्रे धुई. आणि बारावा दिवस उलटला की तिलाच त्या घराच्या ओसरीवर पाय ठेवू देत नसत. जिच्या हातांनी मूल जगात आले, तिच्या हातचे पाणी त्या मुलास चालत नसे. ज्यांच्या आज्यांनी व पणज्यांनी हे सोसले, त्यांना ही गोष्ट ऐकीव वाटणार नाही. सेवा हवी, पण सेवा करणारी नको, अशी ही रीत होती. रक्त, पू, मलमूत्र ह्यांना हात लावणे हे हलके काम. ते करील ती हलकी बाई. मग आमच्या लेकी-सुनांनी ते का करावे? असा पुण्यातील सनातन्यांचा प्रश्न होता. शिवाय रात्रपाळीस घराबाहेर राहणे, पुरुष डॉक्टरांच्या हाताखाली काम करणे, परजातीच्या रोग्यास स्पर्श करणे, ह्यांतील प्रत्येक गोष्ट त्यांच्या दृष्टीने निंद्य होती.

ही दृष्टी केवळ आपल्याच देशात होती असे मात्र समजू नये. इंग्लंडातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोग्यांची सेवा हे अडाणी व दारूबाज बायकांचे काम समजले जाई. कुलीन घराण्यातील कुमारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनी ते हाती घेण्याचे ठरविले, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी पुष्कळ वर्षे विरोध केला. क्रिमियाच्या युद्धात त्यांनी जखमी शिपायांची सेवा केली, आणि इ. स. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा काढली. चांगले मन असले म्हणजे चांगली परिचारिका होते, ही समजूत त्यांनी खोडून काढली. मन व हात दोन्ही तयार करावे लागतात, असे त्यांनी ठरविले. आपल्या इलाख्यात मुंबईचे कामा इस्पितळ स्त्रियांसाठी इ. स. १८८६ मध्ये उघडले, तेथे इ. स. १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत ह्या शिक्षणास आल्या. ह्या देशाच्या स्त्रियांत परिचारिकेचे शिक्षण घेण्यास प्रथम पुढे आलेली बाई म्हणून त्यांचे नाव घेतात. मिरजेस डॉ. वॉनलेस ह्यांनी इ. स. १८९४ मध्ये रुग्णालय उघडले, आणि थोड्याच वर्षांत तेथेही परिचारिकांस शिकविण्यास आरंभ झाला. अशा मिशन रुग्णालयांतून शिकलेल्या मुली बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांतील होत्या. त्यांतील पुष्कळ गरीब घरच्या, दुष्काळात अनाथ झालेल्याही होत्या. त्यांनी हे काम केले, परंतु इतर समाजाने त्यांना त्याबद्दल मान दिला नाही. उलट, ह्या मुली हे काम करतात म्हणूनच ते आपण करू नये, असे उच्च म्हणविणाऱ्यांस वाटे.

ह्या ठिकाणी रमाबाईंच्या कामाचे खरे महत्त्व दिसते. त्यांनी विधवांस, निराधार स्त्रियांस, तरुणींस व प्रौढांसही ह्या शिक्षणाकडे वळविण्यास आरंभ केला. शिकाऊ परिचारिकांसाठी पुण्याच्या ससून रुग्णालयात शिक्षणाची सोय झाली, आणि सेवासदनाने त्यांच्यासाठी स्वतंत्र वसतिगृह काढले. वसतिगृह ही गोष्ट लहान दिसते, पण तीत सर्व मर्म आहे. घर सोडून आलेल्या तरुण विधवेस रात्रपाळीहून परतल्यावर निजावयास सुरक्षित जागा नसेल, दोन वेळचे जेवण नसेल, आणि तिच्या अब्रूस जपणारे वडील माणूस नसेल, तर तिच्या ठायी कितीही दया असो, ती दया महिनाभरही टिकणार नाही. रोग्यावर दया करणाऱ्या हातांवर प्रथम कोणीतरी दया केली पाहिजे, हे रमाबाईंनी कृतीने दाखविले.

आता परिचारिकेच्या शिक्षणात दयेचे स्थान कोणते, ते थोडे पाहू. ही विद्या शिकणाऱ्या मुलीस तापमापक यंत्र पाहावयास शिकवितात, नाडीचे ठोके मोजावयास शिकवितात, जखम धुऊन बांधावयास व औषधाचे माप चुकू न देण्यास शिकवितात. निजलेल्या रोग्यास न उठविता त्याच्या खालची चादर कशी बदलावी, हेही शिकवितात. ही कोरडी कामे आहेत असे वाटते. परंतु नीट पाहिले तर प्रत्येक कामाच्या पोटात दया आहे. ठराविक वेळाने रोग्याची कूस पालटली नाही तर पाठीस व कमरेस जखमा होतात. ज्याला स्वतः हलता येत नाही त्याच्या वतीने घड्याळाकडे पाहणे ही दया होय. पाणी उकळून घेणे, हात धुतल्याशिवाय दुसऱ्या खाटेकडे न जाणे, ही न दिसणारी दया होय. कारण पहिल्या रोग्याचा रोग दुसऱ्यास लागू नये म्हणून ती केलेली असते. अंगास हात लावण्यापूर्वी काय करणार ते सांगणे, स्त्री-रोग्याच्या खाटेभोवती पडदा ओढणे, एकाच गोष्टीबद्दल तिसऱ्यांदा विचारले असताही न चिडता उत्तर देणे, ही तर उघडच दया आहे. अज्ञानी माया कधी कधी घातही करते. अतिसार झालेल्या लेकराचे पाणी तोडणारी आजी, अथवा नुकत्याच जन्मलेल्या बालकाच्या नाळेस राख लावणारी आत्या, ह्यांच्या प्रेमाविषयी कोणास शंका आहे? शिकलेल्या दयेने जे लेकरू वाचते, ते न शिकलेल्या दयेने हातचे जाते. म्हणून शिक्षण हे दयेचा शत्रू नसून दयेचे हातपाय आहेत. आणि उलटपक्षी, जी परिचारिका रोग्यास नावाने न ओळखता खाटेच्या आकड्याने ओळखते, तिची विद्या रोग्याच्या मनापर्यंत पोहोचत नाही. तो आपले खरे दुखणे तिला सांगतच नाही, आणि मग विद्येलाही काय करावे हे कळत नाही.

असो. रमाबाईंच्या चरित्रातील एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. पुण्यात सेवासदनाचा बक्षीस समारंभ चालू होता. बक्षिसे रमाबाईंच्या हातून दिली जात होती. नाव पुकारताच एक विधवा बक्षीस घेण्यास व्यासपीठाकडे निघाली. तिने त्या वेळच्या रीतीचे तांबडे आलवण नेसून पदर डोईवरून ओढून घेतला होता. तिला पाहताच वरच्या सज्जात दाटीने बसलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आरडाओरड व टवाळी सुरू केली. त्या बाईची काय अवस्था झाली असेल, ह्याची कल्पनाच करावी. समारोपाचे भाषण करण्यास रमाबाई उठल्या, तेव्हा त्या संतापाने भरल्या होत्या. कॉलेजात शिकूनही तुम्हांस सुशिक्षित कसे म्हणावे, असे त्यांनी त्या तरुणांस विचारले. दुष्ट रूढीने जिचा बळी घेतला तिचीच तुम्ही थट्टा करता. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी अशीच एखादी बहीण, आत्या, कदाचित आईही असेल, तिची आठवण ठेवली असती तर तुमच्या हातून असे झाले नसते, असे त्यांनी सुनावले. सभा स्तब्ध झाली. आयुष्यभर टोमणे मुकाट्याने सोसलेल्या ह्या बाईने स्वतःसाठी कधी असा आवाज चढविला नव्हता. तो तिने दुसरीच्या मानासाठी चढविला.

पुण्याचे सेवासदन इ. स. १९१५ मध्ये रीतसर नोंदविलेली संस्था झाले. शिक्षिकांसाठी अध्यापन विद्यालय निघाले; तीन वसतिगृहे झाली, त्यांतील एक वैद्यकी शिकणाऱ्या मुलींचे व एक शिकाऊ परिचारिकांचे होते. इ. स. १९१३ मध्ये गुजरात व काठेवाडात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई पन्नाशीत असूनही मदतीची व्यवस्था करण्यास तिकडे गेल्या. आळंदीच्या यात्रेत बायकांचे फार हाल होत. तेथेही त्यांनी सेवासदनाच्या स्वयंसेविका नेल्या. घराबाहेर जाऊन अनोळखी माणसाची सेवा करणे हे स्त्रीच्या अब्रूस शोभते, ही गोष्ट पुण्याच्या लोकांस अशा उदाहरणांनी हळूहळू पटत गेली. इ. स. १९२४ मध्ये रमाबाई वारल्या, तेव्हा पुण्याच्या सेवासदनाच्या निरनिराळ्या विभागांत एक हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. त्यानंतर तीनच वर्षांनी, इ. स. १९२७ मध्ये, आपल्या विदर्भातही नागपुरास श्रीमती रमाबाई तांबे ह्यांनी सेवासदन सुरू केले. इ. स. १९६२ मध्ये रमाबाई रानड्यांची जन्मशताब्दी झाली, तेव्हा भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. ज्या मुलीच्या हाती पाटी देणे अशुभ मानले होते, तिचे चित्र पत्रापत्रावर देशभर फिरले.

वाचकहो, दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपणां सर्वांस पाठ आहे. तो कळवळला, एवढेच आपण बहुधा सांगतो. परंतु पुढे काय झाले ते पाहा. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्या बांधल्या. जखमी मनुष्यास आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, रात्रभर जपले. आणि दुसरे दिवशी निघताना पुढील शुश्रूषेकरिता पैसे देऊन, अधिक लागल्यास तेही भरून देईन असे सांगितले. म्हणजे त्याच्या कळवळ्याला औषधाची माहिती होती, वाहन होते, जागा होती, आणि सेवा करणाऱ्याच्या खर्चाची तरतूदही होती. आणखी एक गोष्ट अशी की, तो परजातीचा होता, आणि विटाळ न मानता त्याने हात लावला. रमाबाईंनी पुण्यात जे केले, ते ह्याहून वेगळे काय होते?

मग आपल्या मंडळ्यांनी काय करावे? पहिली गोष्ट, जी मुलगी शाळेत चांगली असून परिचारिका होऊ इच्छिते तिला आडवे येऊ नये. रात्रपाळी करणाऱ्या मुलीस स्थळ मिळणार नाही, अशा गोष्टी बोलून तिचा उत्साह मारणारे लोक आजही गावोगाव आहेत. त्यांच्यात व त्या सज्जातील विद्यार्थ्यांत फारसे अंतर नाही. दुसरी गोष्ट, ज्यांना शिकणे शक्य नाही त्यांनीही थोडे शिकावे. ताप पाहणे, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी पाजणे, हात धुणे, अंथरुणाला खिळलेल्याची कूस पालटणे, ही चार कामे प्रत्येक घरात एकाला तरी आली पाहिजेत. गावातील आशाताई किंवा आरोग्यसेविका ती आनंदाने दाखवितील. वेचणीच्या दिवसांत उशाशी बसविलेल्या त्या मुलीस एवढे येत असेल, तर तिच्या मायेला हात फुटतील. तिसरी गोष्ट, दवाखान्यात गेल्यावर परिचारिकेशी आपण कसे बोलतो ते तपासावे. तीही कोणाची लेक आहे. रात्रभर उभी राहिलेल्या त्या मुलीस आपण दोन गोड शब्द बोललो, तर ती दया तिच्यापाशी राहत नाही. सकाळी ती पुढच्या खाटेवरील रोग्याकडे जाते.

बाभुळगावाहून यवतमाळाकडे रोगी घेऊन निघालेल्या वाहनात पुढील वेळी आपण बसलो असता, रमाबाई रानड्यांचे स्मरण करावे. तेथे खाटेजवळ जी शिकलेली, मानाने वावरणारी मुलगी आपणांस भेटेल, तिची वाट ज्यांनी मोकळी केली त्यांत ह्या विधवा बाईचाही हात आहे.